अडीचशे ग्रॅमचा ड्रोन आणि परवानगी

‘अडीचशे ग्रॅमच्या आतला घ्या, मग कुठेही उडवा, कुणी विचारत नाही.’ बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत हा सल्ला मी कित्येकदा ऐकला आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा महागात पडू शकतो.

2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ धरला जातो. त्याला पायलटचं प्रमाणपत्र आणि विमा लागत नाही, हे बरोबर. पण आकाशाचे लाल (सरकारच्या खास परवानगीशिवाय बंद), पिवळे (आधी परवानगी लागणारे) आणि हिरवे (विनापरवानगी उडवता येणारे) पट्टे वजन बघत नाहीत. आपला हरणीचा विमानतळ शहराला चिकटून आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्येसुद्धा विनापरवानगी उंची 200 फूटच. त्याहून जवळ तर आधी परवानगी घ्यावीच लागते. म्हणून घराच्या गच्चीवरून उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडाच.

सहलीच्या, घरगुती चित्रणाला नॅनो उत्तम. मात्र तो वाऱ्याला हलका पडतो, आणि उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मांजात अडकला तर खाली कुणाच्या तरी डोक्यावर येईल. त्या दिवसांत तो पेटीतच ठेवा. पैसे घेऊन लग्नं टिपायची असतील तर 250 ग्रॅम ते 2 किलोचा ‘मायक्रो’ घ्या, पण व्यवसायासाठी तिथे पायलटचं प्रमाणपत्र लागतं. हौसेसाठी मायक्रोलाही ते लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.