घोड्याची नियमित आरोग्य तपासणी

घोडा आजारी पडण्याची वाट न पाहता ठरावीक काळाने त्याचे खूर, दात, लीद, रक्त आणि एकूण प्रकृती पाहणे, लसी टोचणे व जंतांचा बंदोबस्त करणे, या सर्व कामांना मिळून नियमित आरोग्य तपासणी म्हणतात. ती किती दिवसांनी करावी, याचे एकच उत्तर देता येत नाही. खूर आठवड्यांच्या हिशेबाने वाढतात, दातांना धार यायला काही महिने लागतात, लशीचे संरक्षण सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ओसरते आणि पोटशूळ मात्र काही तासांत घोड्याचा जीव घेऊ शकतो. त्यामुळे ‘वर्षातून एकदा डॉक्टर’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम निरोगी प्रौढ घोड्यासाठी किमान मर्यादा म्हणून बरोबर आहे. शिंगरे, गाभण घोड्या, वीस वर्षांपुढची जनावरे आणि रोज कष्टाचे काम करणारे घोडे यांना तो पुरत नाही; त्यांची तपासणी सहसा वर्षातून दोनदा करतात आणि शर्यतीच्या घोड्यांना तर पशुवैद्यक जवळजवळ रोजच पाहतात.

सर्वांत महत्त्वाची तपासणी रोजची असते आणि ती पशुवैद्यक नव्हे, तर घोड्याची रोजची निगा राखणारा मोतद्दार करतो. सकाळी तबेल्यात गेल्यावर रात्रीची वैरण संपली आहे का, पाणी किती प्यायले गेले, लिदीचे किती ढीग पडले आहेत आणि ती नेहमीसारखी ओलसर व गोळीबंद आहे का, हे त्याने आधी पाहावे. प्रौढ घोडा दिवसाकाठी आठ ते दहा वेळा लीद टाकतो; रात्रभरात एखाददुसराच कोरडा ढीग पडला असेल, तर पोटात काहीतरी अडल्याची ती पहिली खूण असते. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून जठरात साठलेल्या अन्नाचा किंवा वायूचा ताण वरच्या वाटेने मोकळा होत नाही आणि पोटशूळ इतक्या लवकर गंभीर होतो. खरारा करतानाच हात सर्वांगावरून फिरत असल्याने तंगाखालची, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखालची जखम, पाठीवर खोगिराने धरलेली सूज, कानामागे किंवा शेपटीच्या मुळाशी चिकटलेले गोचीड आणि पायाला आलेला ताप लक्षात येतो. विश्रांतीच्या वेळी निरोगी प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि शरीराचे तापमान सुमारे ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असते. नाडी खालच्या जबड्याच्या आतल्या कडेवरून जाणाऱ्या धमनीवर बोटे ठेवून मोजतात, तापमान गुदद्वारात तापमापक धरून घेतात. हे आकडे घोड्यागणिक थोडे बदलतात, म्हणून घोडा ठणठणीत असताना त्याचे स्वतःचे आकडे आठवड्यातून एकदा वहीत टिपून ठेवले, तर आजाराच्या दिवशी तुलना करता येते. अशी वही बहुतेक तबेल्यांत नसते, हे मान्य करावे लागेल.

खुरांची निगा दोन पातळ्यांवर चालते. रोज, आणि कामावर जाणाऱ्या घोड्याच्या बाबतीत कामाआधी व नंतर, खूर लोखंडी आकड्याने साफ करून तळव्यात अडकलेले खडे, खिळे व लीद काढावी लागते. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाशेजारच्या खाचांतून काळा, दुर्गंधीयुक्त द्राव येत असेल, तर तबेल्याची जमीन ओली राहत असल्याचे समजावे. दुसरे काम नालबंदाचे असते. खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते आणि पुढच्या टोकाशी ती पूर्ण नवी व्हायला नऊ महिने ते एक वर्ष लागते. नाल असलेल्या खुराची झीज होत नाही, पण वाढ थांबत नाही. त्यामुळे नाल शाबूत असली तरी सहा ते आठ आठवड्यांनी ती काढून, खूर कापून, कानसीने समतल करून पुन्हा ठोकावी लागते. हे लांबणीवर टाकले, की खुराचे टोक पुढे वाढते, टाच खाली बसते आणि चालताना पायाच्या मागच्या कंडरांवर ताण येतो. शर्यतीच्या घोड्यांच्या हलक्या नाला त्याहून लवकर, तीन ते चार आठवड्यांतच बदलतात. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानसारख्या ठिकाणी माणसांची व सामानाची ने-आण करणाऱ्या घोड्यांना लाल मातीची वाट आणि पेव्हर ब्लॉकचा रस्ता या दोन्हींवरून उतार-चढाव करावा लागतो. कठीण पृष्ठभागावर नाल लवकर झिजते व गुळगुळीत होऊन घसरते, त्यामुळे तिथे पंचांगापेक्षा नालेची जाडी पाहून नालबंदाला बोलावणे अधिक शहाणपणाचे असते. नाल ठोकताना खिळा चुकून खुराच्या जिवंत भागात गेला, तर घोडा त्या दिवशी किंवा पुढच्या दोन-चार दिवसांत लंगडू लागतो. तो खिळा लगेच काढून पशुवैद्यकाला दाखवावे आणि धनुर्वाताची लस केव्हा दिली होती, ते तपासावे.

दातांकडे मात्र आपल्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, आणि चघळण्याने तेवढेच झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड कमी घासली जाते व तिथे धारदार टोके तयार होतात; वरची टोके गालाला आणि खालची जिभेला कापतात. दिवसभर मोकळा चरणारा घोडा जबडा आडवा फिरवून गवत दळतो, तर खुंट्याला बांधून चंदीवर, म्हणजे दाण्याच्या खुराकावर ठेवलेला घोडा जबडा मुख्यतः वर-खाली हलवतो, म्हणून त्याच्या दाढांना ही टोके लवकर येतात. अर्धवट चावलेले गवताचे गोळे तोंडातून पडणे, लिदीत अख्खे दाणे दिसणे, लगामाशी झगडणे, खाऊनही अंगी न लागणे ही त्याची चिन्हे आहेत. प्रौढ घोड्याचे तोंड वर्षातून एकदा लोखंडी चौकटीने उघडे धरून, शक्यतो गुंगीचे औषध देऊन, आत हात घालून तपासतात आणि टोके कानसीने घासतात. अडीच ते पाच वर्षांच्या वयात दुधाचे २४ दात पडून पक्के दात येतात आणि नेमक्या याच वयात घोड्याच्या तोंडात लगाम चढवला जातो. म्हणून या काळात दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. अर्धवट सुटलेला दुधाचा दात दाढेवर टोपीसारखा अडकून बसलेला असतो आणि शिकवणारा मात्र घोडा अडेल आहे असे समजून लगाम ओढत राहतो, असे पुष्कळदा घडते.

लसीकरणात धनुर्वात पहिला येतो. या रोगाला घोड्याइतका लवकर बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी क्वचितच असेल आणि त्याचे जंतू मातीत व खुद्द घोड्याच्या लिदीत असतात. सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा व नंतर दरवर्षी एक, असा क्रम असतो. आधीच्या मात्रेला सहा महिने उलटून गेले असताना जखम झाली, तर जादा मात्रा देतात. मोकाट कुत्र्यांचा वावर असलेल्या ठिकाणी रेबीजची लसही दरवर्षी द्यावी. अश्व-इन्फ्लूएंझाच्या लशीचे संरक्षण कमी टिकते, त्यामुळे एकमेकांत मिसळणाऱ्या घोड्यांना ती सहा महिन्यांनी देतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमानुसार स्पर्धेच्या ठिकाणी दाखल होणाऱ्या घोड्याला आधीच्या सहा महिने व २१ दिवसांच्या आत ही लस दिलेली असावी लागते. भारतात या रोगाची मोठी साथ १९८७ मध्ये आली होती आणि त्यानंतर २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटरा येथे यात्रेकरूंची वाहतूक करणाऱ्या घोड्या-खेचरांत ती पुन्हा उद्भवून अनेक राज्यांत पसरली. तापातून उठलेल्या घोड्याला तापाच्या प्रत्येक दिवसामागे एक आठवडा विश्रांती द्यावी असा जुना संकेत आहे, पण रोजच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या मालकाला तो पाळणे अवघड जाते.

जंतनिर्मूलनाबाबतचा विचार गेल्या काही दशकांत सर्वांत जास्त बदलला आहे. १९६० च्या दशकात प्रभावी औषधे हाती आल्यावर प्रत्येक घोड्याला दर आठ आठवड्यांनी औषध पाजण्याची पद्धत रूढ झाली. आतड्याच्या रक्तवाहिन्यांत शिरून प्राणघातक पोटशूळ घडवणारे मोठे रक्तजंत हे तिचे लक्ष्य होते आणि ते तिने बरेच साधले. मात्र सर्वांना सतत औषध दिल्याने लहान गोलजंतांत आणि शिंगरांच्या मोठ्या गोलजंतांत औषधांना दाद न देणारे वाण निपजले. आता आधी लीद तपासून मग औषध देण्याचा आग्रह धरला जातो. कळपातील साधारण वीस ते तीस टक्के घोडे जंतांची बहुतांश, म्हणजे सुमारे ऐंशी टक्के अंडी बाहेर टाकतात. उरलेल्यांना वारंवार औषध देण्यात लाभ कमी आणि तोटा जास्त असतो. त्याच दिवशी पडलेली लीद थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात व एका ग्रॅममधील अंडी मोजतात. ती दोनशेपेक्षा कमी भरली तर प्रौढ घोड्याला वर्षातून एक-दोनदाच औषध पुरते, पाचशेच्या वर गेली तर जास्त वेळा द्यावे लागते. औषध लागू पडते का हे पाहण्यासाठी दोन आठवड्यांनी पुन्हा मोजणी करतात. पहिल्या वर्षातील शिंगरांना हा निकष लागू होत नाही. त्यांना दोन-तीन महिन्यांच्या वयापासून वर्षभरात साधारण चार वेळा औषध दिले जाते. मात्रा वजनावर ठरत असल्याने ती अंदाजाने देणे हीदेखील औषधे निकामी होण्याची एक वाट आहे. काटा नसेल तर छातीच्या घेराचा सेंटिमीटरमध्ये वर्ग करून त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. १६० सेंटिमीटर घेर व १४० सेंटिमीटर लांबी असलेल्या तट्टाचे वजन यावरून सुमारे ३०० किलो निघते.

रक्ताच्या तपासण्यांत भारतात ग्लँडर्सला वेगळे महत्त्व आहे. नाकातून चिकट स्राव, फुप्फुसांत व त्वचेखाली गाठी आणि फुटणारे व्रण अशी लक्षणे असलेला हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊन प्राणघातक ठरू शकतो आणि त्यावर लस नाही. २००६ मध्ये तो देशात पुन्हा आढळला, त्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. १९८५ मध्ये स्थापन झालेले हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगाच्या निदानाचे देशातील प्रमुख ठिकाण असून, बाधित ठरलेल्या घोड्याला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत परराज्यांतून आलेली जनावरे एकत्र बांधली जातात, तेव्हा खरेदीपूर्वी ग्लँडर्सचा व अश्व-संसर्गजन्य रक्तक्षयाचा अहवाल मागणे आणि नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवणे हे कोणत्याही वार्षिक तपासणीपेक्षा जास्त उपयोगी पडते. घोडा हेरताना चाल, रंग आणि भोवरे पाहण्यात तासन्‌तास घालवणारा खरेदीदार हा कागद मागायला विसरतो. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माइल खान येथे शोधलेल्या परजीवीमुळे होणारा सर्रा हा रोग चावऱ्या गोमाश्यांमार्फत पसरतो. येऊन-जाऊन ताप, रोडावणे आणि पोटाखाली व पायांवर सूज दिसली, तर वार्षिक तारखेची वाट न पाहता रक्त तपासावे.

गाभण घोडीचे वेळापत्रक वेगळे असते. माजात बीजांड सुटल्यानंतर १४ ते १६ दिवसांनी सोनोग्राफी करतात ती जुळे गर्भ वेळीच ओळखण्यासाठी, कारण घोडीला जुळी सहसा झेपत नाहीत. सुमारे अकरा महिन्यांच्या गर्भकाळात पाचव्या, सातव्या व नवव्या महिन्यात गर्भपात घडवणाऱ्या हर्पिस विषाणूची लस आणि विण्याआधी चार ते सहा आठवडे धनुर्वाताची मात्रा देतात, म्हणजे चिकातून शिंगराला संरक्षण मिळते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत त्याने आचळ धरावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. यांपैकी काहीही लांबले, तर लगेच डॉक्टर बोलवावा. पहिल्या दिवशी शिंगराचे रक्त तपासून चिकातील प्रतिपिंडे पोचली की नाही हेही पाहता येते.

तपासणीचे दिवस ऋतूशी जुळवून घेतले तर काम सोपे होते. महाराष्ट्रात पावसाळ्याआधीची तपासणी जास्त मोलाची ठरते, कारण पुढच्या चार महिन्यांत चिखलाने खूर नरम पडतात, गोमाश्या वाढतात आणि बुरशी लागलेल्या वैरणीने पोटशूळ होतो. पावसाळ्यासाठी घोड्यांची बेगमी करण्याचा विचार जुना आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातील, चिपळूणच्या छावणीवरील अंमलदारांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात दाणा-वैरण आताच मनमानेल तशी संपवली तर भर पावसात काही मिळणार नाही आणि उपाशी मेलेल्या घोड्यांचा दोष तुमच्याच माथी येईल, अशी सक्त ताकीद आहे. पावसाळ्याआधीच्या या तपासणीतच घोड्याचा बांधाही पाहावा. फासळ्या दिसत नसाव्यात, पण हात फिरवल्यावर लागाव्यात. १९८३ मध्ये मांडलेल्या एक (अगदी हडकुळा) ते नऊ (अति लठ्ठ) गुणांच्या पद्धतीत पाचच्या आसपासची अवस्था बहुतेक घोड्यांना योग्य मानतात. वरातीचे घोडे लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत राबतात आणि उरलेले महिने खुंट्याला उभे असतात. त्यांचा बांधा वर्षातून दोनदा, हंगामाआधी व हंगामानंतर, पाहणे इष्ट असते, कारण मोकळ्या महिन्यांतही चंदी तेवढीच चालू राहिली तर खुराच्या आतला दाह होऊन घोडा कायमचा पांगळा होऊ शकतो.

पंधरा वर्षांपुढील घोड्यात उन्हाळा लागला तरी हिवाळी केस न झडणे, पाठ खोलगट होणे आणि लघवी वाढणे ही मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या विकाराची लक्षणे असू शकतात. ती दिसल्यास रक्ताची तपासणी करतात. विसाव्या वर्षानंतर दाढा झिजून गुळगुळीत होऊ लागल्याने दात दर सहा महिन्यांनी पाहावेत आणि लांब वैरण चावता येत नसेल, तर ती बारीक कापून किंवा भिजवून द्यावी.