देशातला बेस्ट कॉलेज प्लेयर, आणि ड्राफ्टमध्ये नंबर ३३

२१ जून २०१८ ला ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट होता, म्हणजे टीम पाळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. आपल्याकडे तेव्हा २२ तारखेची पहाट, साडेचार वाजता सुरू झाला. मी एका नावासाठी जागा होतो, जेलन ब्रन्सन. विलानोवा कॉलेजचा पॉइंट गार्ड, त्या सीझनचा नेस्मिथ आणि वुडन असे दोन्ही मोठे अवॉर्ड त्यालाच, म्हणजे अख्ख्या अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, शिवाय तीन वर्षांत दोनदा नॅशनल चॅम्पियन. पहिला राउंड संपला, तीस नावं झाली, बाहेर दूधवाला येऊन गेला, तरी याचं नाव नाही. ३१व्या नंबरवर एली ओकोबो, ३२व्यावर जेव्हन कार्टर, दोघंही गार्डच, आणि मग ३३व्याला डॅलसने ब्रन्सनला घेतलं.

कमाल म्हणजे त्याच्याच टीममधले तिघं त्याच्या आधी गेले होते, मिकाल ब्रिजेस १०वा, डॉन्टे डिव्हिन्चेन्झो १७वा, ओमारी स्पेलमन ३०वा. देशातला बेस्ट प्लेयर आणि स्वतःच्या टीममध्ये चौथा!

तेव्हापासून मला या प्रश्नाचं वेडच लागलंय की कॉलेजात खेळणाऱ्या एखाद्या पॉइंट गार्डला एनबीए घेईल की नाही हे आधी कसं सांगायचं, आणि ते सांगताना आपण नक्की काय मोजत असतो.

ज्यांना बास्केटबॉल फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी, पॉइंट गार्ड म्हणजे बॉल घेऊन वर येणारा, कुणी कुठे पळायचं, पास कधी कुणाला द्यायचा हे ठरवणारा. क्रिकेटमध्ये विकेटकीपर कॅप्टन असेल तर त्याला जसं सगळं मैदान समोर दिसतं तसं याला दिसावं लागतं. साधारणपणे टीममधला सगळ्यात बुटका हाच असतो. बुटका म्हणजे आपल्या हिशोबाने नाही, सहा फूट दोन इंच, पण एनबीएत सरासरी उंचीच साडेसहा फुटांच्या आसपास आहे.

आता पहिली गोष्ट, कुठल्याही खेळाडूचे आकडे बघायच्या आधी त्याच्यासारखे एकूण किती आहेत ते बघायचं. २०१८ मध्ये डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, साडेतीनशेच्या वर टीम होत्या. प्रत्येकीत दोन जण तरी पॉइंट गार्ड खेळणारे धरले तर सातशे झाले. ड्राफ्टमध्ये एकूण जागा ६०, त्यात बाहेरच्या देशांतली पोरंही येतात, सेंटर, फॉरवर्ड अशा दुसऱ्या जागांवर खेळणारे येतात, पॉइंट गार्ड म्हणावेत असे ढोबळमानाने दहाएक निघतात. म्हणजे काहीही माहीत नसताना एखाद्याचा चान्स सत्तरात एक. स्टॅटिस्टिक्सवाले याला बेस रेट म्हणतात आणि लोक नेमकं हेच विसरतात, कारण आपल्या आवडीचा पोरगा आपल्याला रोज टीव्हीवर दिसतो, बाकीचे सहाशे नव्याण्णव दिसत नाहीत.

मग एकेक माहिती मिळत जाते तसा हा चान्स हलतो. समजा एखादी गोष्ट ड्राफ्ट झालेल्यांमध्ये बाकीच्यांपेक्षा वीसपट जास्त वेळा सापडते, तर सत्तराला एकचा भाव सत्तराला वीस होतो, नव्वदात वीस, म्हणजे साधारण २२ टक्के. (वीसपट हा आकडा मी समजावण्यापुरता घेतलाय.) हा बेझचा नियम, अडीचशे वर्षं जुना, आणि वापरायला इतका सोपा की कागद-पेन्सिलवर होतो. पण त्यात एक खड्डा आहे. ज्याच्या हातात बॉल जास्त वेळ असतो त्याचे पॉइंटही जास्त, असिस्टही (ज्या पासवर दुसऱ्याने बास्केट केली तो पास) जास्त, पेपरात फोटोही जास्त. या तीन वेगळ्या गोष्टी समजून तीनदा गुणलंत तर चान्स कुठल्या कुठे जातो, आणि खरं तर एकच बातमी तुम्ही तीनदा ऐकलेली असते.

पॉइंट्सबद्दल तर मला आता फारसा विश्वासच उरला नाही. जिमर फ्रेडेट २०१०-११ मध्ये मॅचला २८.९ पॉइंट काढत होता, देशात पहिला, ड्राफ्टमध्ये १०वा गेला, आणि एनबीएत करिअरची सरासरी ६ पॉइंट. दुसऱ्या बाजूला स्टेफ करी २००८-०९ मध्ये २८.६, तोही देशात पहिला, ७वा गेला आणि पुढे लीगमधला सगळ्यात मोठा शूटर झाला. जवळपास तोच आकडा, दोन पूर्ण वेगळी आयुष्यं. पॉइंट किती हे सांगतं की कोचने बॉल कुणाच्या हातात दिला, समोर कोण होतं आणि शॉट किती घेतले, पुढच्या लेव्हलला काय होईल हे त्यात फार थोडं असतं.

त्याच २०१८ च्या ड्राफ्टमधला दुसरा पॉइंट गार्ड घ्या, शे गिल्जस-अलेक्झांडर, केंटकीचा. मॅचला १४.४ पॉइंट. ब्रन्सनचे १८.९. तरी शे ११वा गेला आणि ब्रन्सन ३३वा. का? शे तेव्हा १९ वर्षांचा होता, कॉलेजचं पहिलंच वर्ष, ब्रन्सन २१चा, तिसरं वर्ष. दोन वर्षांचा फरक आपल्याला ऑफिसात काहीच वाटत नाही, पण त्या वयात शरीर आणि खेळ दोन्ही भराभर वाढत असतात, त्यामुळे १९व्या वर्षीचे १४ पॉइंट आणि २१व्या वर्षीचे १९ यांची सरळ तुलनाच होत नाही. वय हा असा आकडा आहे ज्याच्याकडे फॅन बघतही नाहीत आणि टीमवाले मात्र आधी तोच बघतात.

मग हातांचा पसारा. आपल्याकडे जुनी माणसं दोर मोजताना दोन्ही हात ताणून जी वाव धरतात तेच माप, या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत. सर्वसाधारण माणसाची वाव साधारण उंचीइतकीच असते, एनबीएत ती उंचीच्या सरासरी १.०६ पट भरते, म्हणजे तिथे उंच माणसं आहेतच पण त्याहून लांब हातांची माणसं आहेत. शेची वाव जवळजवळ सात फूट, ब्रन्सनची सहा फूट चार इंच. आता एनबीएत डिफेन्सवाले खेळता खेळता आपापला माणूस बदलतात, अशा वेळी छोटा गार्ड कुणा सहा फूट आठच्या समोर आला की समोरची टीम मुद्दाम त्याच्यावरच हल्ला करते, परत परत करते. लांब हात असले की शॉट अडवता येतो, पासच्या वाटेत बोटं घालता येतात. शे कॉलेजात मॅचला दीडच्या वर स्टील करत होता, म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकावत होता, ब्रन्सन एकही नाही, ०.९. स्टीलचा आकडा दिसायला छोटा, पण हात किती लांब, पाय किती चपळ आणि पुढचा पास कुठे जाणार हे किती आधी कळतं, हे तिन्ही त्यात येतं.

आता शूटिंग, आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण यातलं विज्ञान सगळ्यात सुंदर आहे.

शेचं त्या वर्षीचं थ्री-पॉइंटरचं, म्हणजे लांबून मारायच्या तीन पॉइंटच्या शॉटचं प्रमाण ४० टक्के होतं. मस्त ना? पण त्याने अख्ख्या सीझनमध्ये घेतले फक्त ५७. ५७ वेळा नाणं उडवा, परत ५७ वेळा उडवा, छापा दोन्हीकडे सारखा येणार नाही. गणित केलं तर ५७ शॉटमध्ये निव्वळ योगायोगाने १३ टक्के वर किंवा १३ टक्के खाली जाऊ शकतं. म्हणजे त्याचं खरं कौशल्य २७ असू शकतं किंवा ५३, आपल्याला त्या एका आकड्यावरून सांगताच येत नाही. ब्रन्सनने दोनशेच्या वर घेतले आणि त्याचं ४०.८ टक्के होतं, तिथेही सात टक्क्यांची हालचाल उरतेच, पण पाया बराच भक्कम.

मग टीमवाले काय बघतात? फ्री थ्रो. फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, ज्याच्या वेळी लोक पाणी प्यायला उठतात तो. पंधरा फूट अंतर, समोर कुणी नाही, कॉलेजात पंधरा आणि एनबीएतही पंधराच. थ्री-पॉइंटची रेघ मात्र कॉलेजात तेव्हा २० फूट ९ इंचांवर होती (२०१९ ला ती मागे नेली), एनबीएत समोरून २३ फूट ९ इंच. तीन फूट लांबून मारायचं तर कॉलेजचं प्रमाण जसंच्या तसं कसं धरणार? फ्री थ्रोमध्ये ही कुठलीच भानगड नाही, तिथे फक्त हात, मनगट आणि तोच तोच सराव दिसतो. म्हणून एखादा पोरगा एनबीएत लांबून कसा मारेल याचा अंदाज बांधताना त्याचं कॉलेजचं फ्री थ्रोचं प्रमाण फार उपयोगी पडतं, आणि थ्री किती गेले याच्याइतकंच किती घेतले हेही. शेचे फ्री थ्रो ८० टक्क्यांच्या वर होते. एनबीएतल्या पहिल्या वर्षी त्याचे थ्री ३७ टक्क्यांच्या आसपास पडले. ५७ शॉटचे ४० टक्के बाजूला ठेवून जो फ्री थ्रोकडे बघत होता त्याला धक्का बसला नसेल.

ब्रन्सनचेही फ्री थ्रो ८० टक्के होते. एका टर्नओव्हरमागे (बॉल समोरच्या टीमला गमावणं) अडीच असिस्ट, म्हणजे बॉल सांभाळणारा. विलानोवा बिग ईस्ट या कॉलेजांच्या गटात खेळते, समोर दमदार टीम, म्हणजे लिंबूटिंबूंना धुऊन काढलेले आकडेही नाहीत. सगळं चांगलं, फक्त वय, उंची आणि हात विरोधात. मग आकड्यांवरून अंदाज बांधणारं कुठलंही मॉडेल काय म्हणणार? ड्राफ्ट होणार हे जवळपास नक्की, पण पहिल्या राउंडच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला. आणि तसंच झालं, मॉडेल बरोबर आलं.

पण त्या मॉडेलला आपण विचारलं होतं "याला घेतील का", आणि हा प्रश्न खेळाडूबद्दल नाहीच, घेणाऱ्यांबद्दल आहे. जुन्या ड्राफ्टचा डेटा घालून शिकवलेलं मॉडेल स्काउट लोकांच्या, म्हणजे टीमसाठी खेळाडू हेरणाऱ्यांच्या सवयी शिकतं, त्यांच्या चुकांसकट. स्काउट वर्षानुवर्षं २१ वर्षांच्या सहा फुटी गार्डला खाली ढकलत असतील तर मॉडेलही ढकलणार आणि वर त्याचा अंदाज अचूकही ठरणार! "हा तिथे जाऊन खेळेल का" हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधणं जास्त अवघड, कारण ज्यांना संधीच मिळाली नाही ते कसे खेळले असते याचा डेटाच नसतो. फ्रेड व्हॅनव्हलीट, विचिटा स्टेटचा, २०१६ ला ६० नावांत कुठेच नव्हता, टोरंटोने बाहेरून उचलला आणि २०१९ ला चॅम्पियन टीमचा महत्त्वाचा खेळाडू. असे किती राहून गेले असतील!

शेबद्दल स्काउट योग्य दिशेला होते, तो २०२५ चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि त्याची टीम ओक्लाहोमा चॅम्पियन, म्हणजे ११वा नंबरसुद्धा त्याला कमीच पडला. ब्रन्सनबद्दल मात्र चुकले. डॅलसमध्ये चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट सगळं मिळून ६० लाख डॉलरच्या आसपास होतं, २०२२ ला न्यूयॉर्कने चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख दिले. २०२३-२४ मध्ये त्याची सरासरी २८.७ पॉइंट.

मग काय मोजायचं राहिलं होतं? मी त्याच्या कॉलेजच्या मॅच परत बघितल्या. एक मूव्ह तो सारखा करतो. पाठ डिफेंडरला लावून दोन ड्रिबलमध्ये आत सरकतो, आणि मग धप्प, दोन्ही पाय एकदम टेकवून जागच्या जागी उभा. डिफेंडर अजून मागे जातोय, याचं सगळं वजन स्थिर झालंय. खांदा डावीकडे हलवतो, समोरचा उडतो, हा एक पाय रोवून दुसऱ्यावर फिरतो आणि त्याच्या काखेखालून शॉट. उडी म्हणाल तर काहीच नाही. विलानोवाचे कोच जे राइट पोरांना हेच घोटवायचे की आत गेलात की दोन पायांवर थांबा.

शिकागोच्या काँबाइनमध्ये, जिथे ड्राफ्टच्या आधी पोरांना मोजतात, उडी मोजतात, पाऊण कोर्टाची धाव मोजतात, वाव मोजतात. आधी बेंच प्रेसही असायचं, २००७ ला केव्हिन ड्युरँटला १८५ पौंड एकदाही उचलता आले नव्हते, आणि पुढे त्याने लीग गाजवली. किती जोरात जातो याची मोजमापं भरपूर, पण किती पटकन थांबतो याचं माप तिथल्या जाहीर आकड्यांत मिळत नाही. आणि गार्डला जागा मिळते ती थांबण्यातून, कारण पळणाऱ्या माणसाला थांबायला पायांनी जमिनीला उलटा जोर द्यावा लागतो आणि ज्याला तो कमी वेळात देता येतो तो पुढच्या शॉटसाठी आधी तयार होतो, डिफेंडर तोवर घसरत पुढे निघून गेलेला असतो. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला पी-थ्री नावाची लॅब आहे, तिथे जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेटवर, म्हणजे पायांचा जोर मोजणाऱ्या पाट्यांवर हा ब्रेक मोजतात. जेम्स हार्डनची गंमत तिथेच कळली, उडी चारचौघांसारखी, पण ब्रेक लावण्यात अगदी वरचा.

खेळाडूच्या बाजूने बघितलं तर या सगळ्या टक्केवारीचा खरा उपयोग मे महिन्यात होतो. कॉलेज शिल्लक असलेला पोरगा ड्राफ्टमध्ये नाव घालू शकतो, काँबाइनला जाऊन येऊ शकतो आणि ठरलेल्या तारखेच्या आत नाव मागेही घेऊ शकतो. पहिल्या राउंडला पगाराची हमी, दुसऱ्यात तशी हमी नाही, त्यामुळे २८ की ३५ हा सात नंबरांचा फरक घरच्यांसाठी फार मोठा. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात, म्हणून दुसऱ्या राउंडच्या काठावरचे बरेच जण आता कॉलेजातच थांबतात. याचा अर्थ २०१८ पर्यंतच्या डेटावर शिकलेलं मॉडेल आज तसंच चालवलं तर चुकणार, कारण नावं घालणारी मंडळीच बदलली आहेत, बावीस-तेवीस वर्षांचे गार्ड कॉलेजात वाढलेत आणि १९ वर्षांच्या पोराला आता त्यांच्यासमोर खेळून आकडे काढावे लागतात.

ब्रन्सनसमोर २०१८ ला कॉलेजात थांबून पैसे कमवायचा हा पर्याय नव्हता, त्याने तीन वर्षांतच डिग्री पूर्ण केली होती आणि तो निघाला. नोव्हेंबरात कॉलेजचा सीझन सुरू झाला की मी आता नवीन गार्डचे पॉइंट शेवटी बघतो. आधी जन्मतारीख, मग फ्री थ्रो, मग मॅच लावून आवाज बंद करतो आणि नजर फक्त त्याच्या पायांवर ठेवतो, आत शिरल्यावर तो थांबतोय कसा ते बघायला.