फ्रेंच भाषेतील कुत्रा : शब्द आणि वाक्प्रचार

फ्रेंचमध्ये कुत्र्याला ‘श्याँ’, कुत्रीला ‘श्येन’ आणि पिल्लाला ‘श्यो’ म्हणतात. मूळ शब्द लॅटिन ‘कानिस’. लहान मुलांच्या तोंडी हाच कुत्रा ‘तूतू’ होतो, तर रस्त्यावरच्या बोलीत ‘क्लेप्स’ किंवा ‘क्लेबार’. हे शेवटचे दोन शब्द अरबी ‘कल्ब’वरून आले. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जीरियावर चढाई केली आणि पुढे उत्तर आफ्रिकेत राहिलेल्या सैनिकांच्या बोलीतून असे अनेक अरबी शब्द फ्रेंचमध्ये रुळले.

अनेक कुत्रे ठेवण्याच्या जागेला ‘शनील’ म्हणतात. इंग्रजी ‘केनेल’ हा त्याचाच नॉर्मन भाऊ. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांची बोली तिकडे गेली. त्या बोलीत ‘क’ टिकला, पॅरिसकडे त्याचा ‘श’ झाला. किल्ल्यासाठीच्या इंग्रजी ‘कासल’ आणि फ्रेंच ‘शातो’ या जोडीतही तेच दिसते. पूडल जातीच्या कुत्र्याचे फ्रेंच नाव ‘कानीश’ मात्र फसवे आहे. ते ‘कानिस’वरून आलेले नाही, तर ‘कान’ म्हणजे बदकाची मादी हिच्यावरून आले आहे, कारण शिकारीत पडलेली बदके हा कुत्रा पाण्यात शिरून आणत असे.

वाक्प्रचारांतला कुत्रा बहुधा हालअपेष्टा सोसणारा आहे. ‘ताँ द श्याँ’ म्हणजे अगदी घाणेरडे हवामान, ‘व्ही द श्याँ’ म्हणजे कुत्र्याचे जिणे. हे आपल्याला लगेच कळते, कारण ‘कुत्रे हाल खाणार नाही’ असे आपणही म्हणतो. पण एखाद्या स्त्रीबद्दल ‘एल आ द्यु श्याँ’, शब्दशः ‘तिच्यात कुत्रा आहे’, असे कोणी म्हटले तर तो अपमान समजू नये. ते कौतुक आहे. रूप असो-नसो, तिच्यात ठसका आहे, नजर वेधून घेणारे काहीतरी आहे, असा त्याचा भाव.

दोन माणसे न बोलता एकमेकांकडे रोखून पाहत बसली की ती ‘चिनी मातीच्या कुत्र्यांसारखी’ बघतात. जुन्या घरांत शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोकांना असे चकचकीत कुत्रे समोरासमोर मांडलेले असत. वृत्तपत्रांच्या कचेरीत किरकोळ अपघात-चोऱ्यांच्या बातम्यांना ‘चिरडलेले कुत्रे’ असे नाव आहे. ‘ज्याला आपला कुत्रा बुडवायचा असतो, तो त्याला पिसाळलेला ठरवतो’ ही म्हण आजही वापरात आहे. तिच्यातला ‘राझ’ हा शब्द पिसाळ रोग आणि संताप या दोन्हींसाठी चालतो. याच रोगावरची लस लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये कुत्रा चावलेल्या एका मुलाला पॅरिसमध्ये पहिल्यांदा दिली.

सर्वांत सुंदर वाक्प्रचार ‘आंत्र श्याँ ए लू’, म्हणजे ‘कुत्रा आणि लांडगा यांच्या मधली वेळ’. उजेड इतका मावळलेला असतो की समोरून येणारा प्राणी राखणीचा कुत्रा की लांडगा, हे ओळखू येत नाही. इंग्रजी ‘डस्क’मध्ये अंधुक उजेड येतो, पण धास्ती येत नाही. मराठी ‘कातरवेळ’ त्याच्या जास्त जवळची, कारण तिच्यातही जीव थोडा कातर होतो.

एकच गोष्ट, पण प्रत्येक भाषेत प्राणी निराळा, असेही पुष्कळदा घडते. इंग्रजीत झोपलेल्या कुत्र्याला उठवू नये म्हणतात. फ्रेंचमध्ये तिथे मांजर झोपलेले आहे. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा युरोपात कुत्र्याचा. तो सूर्यासोबत उगवू लागला की ऐन उन्हाळा येई, म्हणून त्याच्या ‘कानिकुला’ म्हणजे ‘छोटी कुत्री’ या लॅटिन नावावरून फ्रेंचमध्ये उष्णतेच्या लाटेला ‘कानीक्यूल’ म्हणतात. ऑगस्ट २००३ च्या कानीक्यूलमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली. आपल्याकडे तोच तारा व्याध, म्हणजे शिकारी.

बंदुकीचा चाप ओढला की आपटणाऱ्या वाकड्या भागालाही फ्रेंच लोक ‘श्याँ’ म्हणतात. म्हणून गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळे करून झोपणे म्हणजे ‘बंदुकीच्या कुत्र्यासारखे झोपणे’. हाच भाग इंग्रजीत कोंबडा आहे आणि मराठीत घोडा.