एकाच गळ्यातली दोन प्रकारची गाणी: परंपरागत आणि नवरचित

स्कॉटलंडमधील आजच्या एखाद्या फोक गायक-गीतकाराचा अल्बम प्रथमच ऐकताना त्यातील कोणते गाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि कोणते त्या कलावंताने स्वतः रचले आहे, हे नुसत्या कानाने ठरवणे अवघड जाते. आवाज तोच, स्कॉट्स बोलीची वळणे तीच, गिटारची साथही तशीच. त्यामुळे दोन्ही प्रकार ‘जुनी लोकगीते’ या एकाच खात्यात जमा होतात. कॅरिन पोलवार्ट यांच्या बाबतीत मात्र हा गुंता सोडवण्याची चांगली सोय आहे. मलिंकी आणि बॅटलफील्ड बँड या परंपरागत संगीताच्या चमूंमधून गाऊन पुढे आलेल्या या गायिकेने दोन्ही वाटांचे वेगवेगळे अल्बम केले आहेत: २००७ सालचा ‘फेअरेस्ट फ्लूअर’ बहुतांशी परंपरागत गीतांचा आहे, तर २०१२ सालचा ‘ट्रेसेस’ त्यांच्या नव्या रचनांचा.

परंपरागत गीताला कर्ता नसतो असे म्हटले जाते. माझ्या मते त्याला कर्ते फार असतात, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकी अभ्यासकाने १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील ३०५ कथागीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात अनेक गीतांचे निरनिराळे पाठ शेजारी शेजारी छापलेले आहेत आणि त्यांपैकी कोणता ‘खरा’, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. एडिंबरा विद्यापीठात १९५१ साली ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ स्थापन झाल्यावर हीच गीते गायकांच्या तोंडून मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रित होऊ लागली आणि पाठभेदांत चालींच्या भेदांची भर पडली. अशा गीताला हात घालणाऱ्या गायिकेचे काम निवडीचे असते: कोणता पाठ घ्यायचा, कोणते कडवे गाळायचे, कोणत्या ओळीवर थांबायचे. ‘फेअरेस्ट फ्लूअर’ची सुरुवात ‘द डावी डेन्स ऑफ यारो’ने होते, आणि स्कॉटलंड-इंग्लंड सीमाभागातील यारो खोऱ्यात दगाबाजीने मारल्या गेलेल्या प्रियकराची ही कथा असंख्य गायकांनी गायिलेली असल्यामुळे, कथा पुढे काय होणार याऐवजी ही गायिका ती कशी सांगते, इकडेच जाणत्या श्रोत्याचे लक्ष जाते.

याच अल्बममधील ‘द वाइफ ऑफ अशर्स वेल’ हे गीत परंपरेच्या कथनपद्धतीचा उत्तम नमुना आहे. वॉल्टर स्कॉट यांनी १८०२ साली छापलेल्या पाठात एक संपन्न बाई आपल्या तीन मुलांना समुद्रापार पाठवते. थोड्याच आठवड्यांत मुले मरण पावल्याची वार्ता येते. मुले देहासह घरी परतेपर्यंत वारा थांबू नये, असे ती म्हणते. आणि नोव्हेंबरातील मार्टिनमस या सणाच्या सुमारास, रात्री लांबलेल्या असताना, ती खरोखरच येतात. त्यांच्या डोक्यावर बर्चच्या सालीच्या टोप्या आहेत आणि ते बर्चचे झाड स्वर्गाच्या दाराशी वाढलेले आहे, एवढेच सांगून गीत पुढे सरकते. कोंबडा आरवताच मुलांना निघावे लागते. मुलांना का पाठवले, ती कशी मेली, आईला पुढे काय वाटले, यांपैकी काहीही गीत सांगत नाही. निवेदक कोणाची बाजू घेत नाही, हळहळत नाही आणि ‘मी’ म्हणून पुढे येत नाही. ऐकताना अंगावर येतो तो हा अलिप्तपणाच, आणि पोलवार्ट यांनी साथ मोजकी ठेवून तो जपला आहे.

‘ट्रेसेस’ ऐकताना हा अलिप्तपणा शोधू नये. तेथे सांगणारी व्यक्ती कोठे उभी आहे, हे कळल्याशिवाय गाणे उलगडत नाही. ‘टिन्सल शो’ या गाण्यातील झगमगाट ग्रेंजमथ येथील तेलशुद्धीकरण कारखान्याच्या दिव्यांचा आहे आणि पोलवार्ट यांचे बालपण त्याच परिसरात गेले आहे. ‘कव्हर युअर आइज’ला ॲबर्डीनशायरच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत डोनाल्ड ट्रम्प यांनी उभारलेल्या गोल्फ मैदानाच्या वादाची पार्श्वभूमी आहे. दोन्ही ठिकाणी स्थळ, काळ आणि कवयित्रीची भूमिका निश्चित आहे. पाठभेदांचा प्रश्नच येत नाही. निर्माते इअन कुक यांनी केलेली वाद्यांची मांडणीही भरगच्च आहे, मात्र तिच्या आधारे गाणे नवे ठरवायला जाऊ नये.

कारण ध्वनीवरून केलेले निदान फसवे असते. जुने कथागीत सिंथेसायझरवर गाता येते आणि कालचे गाणे साथीशिवाय. स्कॉट्स बोलीही पुरावा ठरत नाही, कारण तीत आजही लिहिले जाते. चालीचा थोडा उपयोग होतो: परंपरागत कथागीतात एकच चाल कडव्यामागून कडवे फिरत राहते, तर नव्या गाण्यात ध्रुवपद वेगळ्या चालीत चढते आणि कधी मध्येच एखादा तिसरा भाग येतो. तरीही निर्णायक खूण मला कथनातच सापडते. कारणे न देता प्रसंगावरून प्रसंगावर उडी घेणारे गीत बहुधा जुने असते आणि विशिष्ट व्यक्तीच्या नजरेतून पाहणारे बहुधा नवे. या ‘बहुधा’ला स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांच्यासारखा मोठा अपवाद आहे, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस ते जुन्या चाली व ओळी गोळा करीत आणि त्यांतच आपले शब्द घालीत; त्यामुळे त्यांच्या काही गीतांत परंपरा कोठे संपते हे अभ्यासकांनाही सांगणे कठीण जाते.

पोलवार्ट यांचे ‘फॉलो द हेरन’ याच सीमेवर उभे आहे. त्यांनी ते आधी मलिंकीसाठी गायिले आणि पुढे २००६ सालच्या ‘स्क्रिबल्ड इन चॉक’ या आपल्या अल्बममध्ये घेतले. साधी चाल आणि सर्वांना एकत्र म्हणता येईल असे ध्रुवपद यांमुळे ते इतर गायकांच्या आणि गायनवृंदांच्या तोंडी गेले आहे, आणि ज्याने अल्बमवरील श्रेय पाहिलेले नाही तो ते सहज परंपरागत समजेल. श्रेयाच्या ओळीत मात्र फरक स्पष्ट असतो: ‘द डावी डेन्स’सारख्या गीताखाली ‘परंपरागत’ अशी नोंद येते आणि गायिकेचा हक्क तिच्या संयोजनापुरता राहतो, तर ‘फॉलो द हेरन’खाली रचनाकार म्हणून पोलवार्ट यांचे नाव असते. ब्रिटनच्या कायद्यानुसार रचनेवरील हा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, मग तोवर ते गाणे कितीही तोंडांतून फिरलेले असो.