शिसव आणि शिशम: एका नावामागची दोन झाडं

आजीच्या गिरगावातल्या खोलीतला शिसवी पाट मी दुरुस्तीला काढला होता. सुतारानं उलट्या बाजूवर रंधा फिरवला आणि काळ्याकुट्ट पाटातून जांभळट छिलके निघाले, गुलाबासारखा मंद वास आला. शेजारी नव्या शिशमचा तुकडा पडला होता. त्याचे छिलके मधाच्या रंगाचे, मधे तपकिरी रेघा. दुकानात मात्र दोघांनाही ‘शिसम’च म्हणतात, आणि मला ते खटकतं.

दोन्ही झाडं डालबर्जिया वंशातली, म्हणजे सख्खी भावंडंच. शिसव (लॅटिफोलिया) आपल्या सह्याद्रीतलं. त्याच्या पर्णिका गोलसर, टोकाला किंचित खाच असलेल्या. शिशम (सिस्सू) हिमालयाच्या पायथ्याचं आणि उत्तरेतल्या नद्यांच्या काठचं; त्याच्या पर्णिका कमी, टोकदार.

मुंबईनं नाव कमावलं ते शिसवीवर. एकोणिसाव्या शतकात फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगिनदास मास्टर रोडवर, कोरीव शिसवी फर्निचर विकलं जाई. इंग्रज त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणत. खुर्च्यांच्या जाळीदार पाठी, वेलबुट्टीचे कोच, पंजाच्या आकाराचे पाय. एवढं बारीक कोरूनही तुटत नाही, असं हे घट्ट लाकूड. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या सामानात असे नग अजून नजरेस पडतात.

पण शिसव रानातलं झाड, आणि वाढतं फार सावकाश. शिशमचं नशीब वेगळं. ते लवकर वाढतं, म्हणून त्याची मुद्दाम लागवड झाली. लाहोरजवळच्या चांगा मांगात १८६६ पासून ते लावलं गेलं ते रेल्वे इंजिनांच्या सरपणासाठी! पुढे सहारनपूर, जोधपूरच्या कारागिरांनी शिशमचं फर्निचर देशभर पोचवलं. मुंबईच्या बाजारात आलेल्या या लाकडाला आपण जुन्याच नावानं हाक मारली, आणि घोळ तिथेच झाला. शिशमही उत्तम, टिकाऊ लाकूड आहे. त्याला उसनं नाव लागत नाही.

कायद्यानंही या भावंडांना एकत्रच धरलंय. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाच्या जवळपास सगळ्या जाती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानंच व्यापार करता येणाऱ्या जातींच्या यादीत, आल्या, कारण चिरलेल्या फळीवरून जात ओळखणं अवघड जातं. त्यामुळे विपुल लागवडीच्या शिशमच्या निर्यातीलाही कागदपत्रं लागू लागली.

म्हणून ‘शिसवी’ म्हणून काही घेताना पॉलिश न लागलेला भाग बघा: खणाची आतली बाजू, पायाचा तळ. जांभळट झाक तिथेच दिसते.