गोल करून बसल्याने गाठ विरघळत नाही

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड फिरत होता. रुग्णांनी आठवड्यातून एकदा गोल करून बसायचं, मनातलं बोलायचं, कॅन्सर पळालाच म्हणून समजा! खाली शिक्का: ‘स्टॅनफर्डने सिद्ध केलंय’.

शिक्का साफ खोटा नाही, अर्धवट आहे. स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये ८६ स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. सगळ्यांचा स्तनाचा कर्करोग इतर अवयवांत पसरलेला. गटात बसणाऱ्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. मग २००१ मध्ये कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर असाच प्रयोग केला: १७.९ आणि १७.६ महिने. फरक गायब. खुद्द स्पीगल यांच्या २००७ च्या फेरप्रयोगातही एकंदर आयुर्मान वाढलं नाही. फॉरवर्डवाल्यांची स्टॅनफर्डवरची श्रद्धा मात्र १९८९ लाच थांबलेली.

तरीही गुडविन यांच्या गटातल्या स्त्रियांची घालमेल कमी झाली, वेदनाही कमी जाणवल्या. हे कशामुळे होत असावं? मला यातला सर्वांत आवडता धागा आहे भावनेला नाव देण्याचा.

लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांनी ३० जणांना मेंदूचं स्कॅन चालू असताना चिडलेले, भेदरलेले चेहरे दाखवले. कधी चेहऱ्यावरची भावना दोन शब्दांतून निवडायची, तर कधी त्या माणसाला शोभेलसं नाव, हॅरी की सॅली. चेहरे त्याच धाटणीचे, शब्द निवडणंही तसंच. पण भावनेला शब्द लावला की अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, मंदावायचा आणि कपाळामागचा उजवा व्हेंट्रोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स कामाला लागायचा. एक चढला की दुसरा उतरतो, आणि हा निरोप बहुधा मधल्या रेषेवरच्या मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्समार्फत जातो, असं आकडेवारी सुचवते. नुसतं ‘हॅरी’ म्हणून हे घडत नव्हतं.

२०१२ मध्ये याच चमूने कोळ्याला घाबरणाऱ्यांना जिवंत टॅरँट्युलाजवळ, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याजवळ, जायला लावलं. काहींनी ‘तो अंगावर उडी मारेल, मला भीती वाटतेय’ असं मोठ्याने म्हणायचं, काहींनी ‘छोटा तर कोळी, काही करत नाही’ अशी स्वतःची समजूत घालायची. आठवड्याने पुन्हा जवळ गेल्यावर तळहाताचा घाम मोजला, तर भीती बोलून दाखवणाऱ्यांचा कमी भरला. भीतीचे शब्द जितके जास्त, तितका उतार जास्त.

कोळी म्हणजे केमोथेरपी नव्हे, कबूल. पण अशा गटांतला ‘मध्ये बोलू नका, सल्ला देऊ नका’ हा नियम मला यामुळेच पटतो. पेशंट ‘रात्री वाटतं की...’ एवढं म्हणतो न म्हणतो तोच कुणीतरी ‘काही होत नाही हो, पॉझिटिव्ह राहा’ म्हणतं आणि त्याचा शब्द घशातच राहतो. शिवाय पॉझिटिव्ह राहूनही आजार उलटला, तर दोष पुन्हा त्याच्याच माथी.

गुडविन यांच्या निष्कर्षातली आणखी एक ओळ फॉरवर्डात कधी येत नाही. फायदा झाला तो मुळात जास्त खचलेल्या स्त्रियांना. ज्या फारशा खचल्या नव्हत्या त्यांना तसा झाला नाही. तेव्हा केमो चालू असलेली आत्या ‘मला नको ते गटबिट, मी रमी खेळते’ म्हणाली, तर पत्ते पिसून द्यावेत.