रात्री पाय वळवळतात, ते रक्त कमी पोचतं म्हणून?

‘झोपताना पाय वळवळतात म्हणजे पायांत रक्त नीट पोचत नाही,’ असं वर्षानुवर्षं फिरतं. पाय हलवले की बरं वाटतं, त्यामुळे हे पटणं साहजिकच आहे.

पण पायाच्या धमन्या अरुंद झाल्या तर चालताना पोटऱ्या दुखतात आणि थांबलं की आराम पडतो. इथे नेमकं उलटं: पडलं-बसलं की त्रास, उठून चाललं की सुटका, आणि संध्याकाळनंतर जास्त. हा फरक स्वतः ताडून पाहता येतो.

मूळ बहुधा मेंदूत असतं. हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या डोपामिन या रसायनाचं काम बिघडतं, आणि त्यामागे मेंदूतली लोहाची कमतरता असू शकते. हिमोग्लोबिन उत्तम असूनही! म्हणून रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासायला सांगतात. ते ७५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरपर्यंत किंवा कमी असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. मनाने गोळ्या घेऊ नयेत, जास्तीचं लोहही बाधतं.

डोपामिनला अडवणारी उलटीवरची काही औषधं हा त्रास वाढवतात, हाही एक बोलका पुरावा. आनुवंशिकता, गरोदरपण, मूत्रपिंडाचे विकार यांचाही संबंध असतो. मधुमेहात नसा खराब झाल्या तर मात्र पाय सुन्न पडतात किंवा जळजळतात. ती तपासणी वेगळी.